माह्या बायकोचा नंबर तिसरा

"ट्रेड?"

काउंटरच्या काचेमागं सुभेदार बसला होता. फौजेतून रिटायर होऊन त्याच दवाखान्यात कामाले लागलेला. थुंकीनं अंगठा ओला करून त्यानं माह्या डिस्चार्ज बुकाची पानं उलटवली अन् एका पानावर थांबला. माह्या मागं पंधरा-वीस माणसं रांगेत होती. सगळे माजी सैनिक, नाही त त्यायच्या बायका, त्यायच्या विधवा. बाजूच्या बाकड्यावर माही बायको सुमन बसली होती, पोटाले हात लावून.

"अरे, ट्रेड विचारतोय. बोल ना."

मी हळूच म्हणलं, "साहेब, पानावर लिहेल हाये."

"लिहिलंय ते मला दिसतंय." तो हसला. मंग अख्ख्या हॉलले ऐकू जाईल असं वाचलं, "बार्बर! म्हणजे न्हावी. मग मूग गिळून का उभा?"

रांगेतली माणसं हसली. सगळी नाही, पण पुरेशी.

अन् मी काय केलं? माहे पाय जुळले. टाचेले टाच लागली. छाती बाहेर, नजर समोर. "जी साहब!" पायात रबरी चपला होत्या, त्यायचा आवाजबी झाला नाही. बावीस वर्ष वर्दी घातली, वर्दी उतरवून नऊ वर्ष झाली, तरी आंगानं हुकूम ओळखला. डोकं मागून आलं. त्यानं शिवी दिली असती त मी उलटून दिली असती. त्यानं मले ट्रेडनं हाक मारली अन् मी हजर झालो. हसणाऱ्यायचं मले तेवढं वाटलं नाही. त्या 'जी साहब'ची लाज मले आजबी वाटते.

सुमन खाली फरशीकडे पाहून राह्यली होती.

त्या शहराचं अन् दवाखान्याचं नाव मी सांगत नाही. सांगून काय होणार हाये? माजी सैनिकायसाठी हाये तो. आमच्या गावापासून एसटीनं जायाले अर्धा दिवस लागते. इलाज फुकट होते, म्हणून माणसं लांबून लांबून येतात अन् फुकटचं हाये म्हणून तोंड दाबून बसतात.

आता एक गोष्ट सांगतो. ती मी घरी कोणालेच सांगेल नव्हती.

डोणगावच्या अलीकडे आमचं खेडं. माहा बाप घरोघरी धोकटी घेऊन फिरे. वस्तरा, कैची, वाटी, आरसा ठेवायची ती कातड्याची पिशवी. लग्नात नवरदेवाची दाढी त्याच्याबिगर होत नसे. मयत झाली का पहिला निरोप त्याले. पण बसायले ओसरीची खालची पायरी अन् जेवायले शेवटची पंगत. त्याले कोणी नाव घेऊन हाक मारल्याचं मले आठवत नाही. शेंबडं पोरगंबी 'ए न्हाव्या' म्हणे. अन् बाप म्हणे, "आलो मालक." त्या 'आलो मालक'चा मले एवढा राग ये का मी घर सोडून वावरात जाऊन बसो. म्हणलं, वस्तरा धरणार नाही. काही झालं तरी नाही.

बुलडाण्याले भरती होती. मी धावलो. ओकारी येईस्तोवर धावलो. पहिल्या दहात आलो. उंची बसली, छाती बसली. टेबलामागच्या माणसानं जात विचारली, मी सांगितली. तो म्हणे, "जनरल ड्यूटीत नंबर लागेल, नाही लागेल. ट्रेडमध्ये लगेच होऊन जाईल. घरचं काम येतं ना?" माहा श्वास अजून खाली बसला नव्हता. घरी बाप वाट पाहून राह्यला होता. मी 'हाव' म्हणून गेलो.

बावीस वर्ष. बंदूक चालवली, पहारे दिले, बर्फात पाय सुजले. ते काही खोटं नाही. पण पहाटपासून खुर्चीमागं उभं राहा अन् पलटणीच्या माना साफ करा, हे रोजचं. घरी मी सांगितलं का आपली ड्यूटी पहाऱ्यावर. लग्न जमलं तवा सुमनच्या घरच्यायले हेच सांगितलं. सुमनले बी हेच. गावात मले फौजी म्हणत. पंधरा ऑगस्टले शाळेत झेंड्याच्या बाजूले उभं करत. रिटायर होऊन आलो अन् वस्तऱ्याले बोट लावलं नाही. माही सोताची दाढी मी मेहकरले जाऊन दुकानात करून घेतो. म्हणजे पाहा, कोणाच्या कोणाच्या डोळ्यात मी धूळ टाकली होती.

सुमनच्या आंगावरून सहा महिन्यापासून रक्त जाये. तिनं सांगितलं नाही. सोयाबीन सोंगता सोंगता वावरात मटकन बसली तवा मले समजलं. मेहकरची डॉक्टरीणबाई म्हणे, पिशवीत गाठ हाये. पिशवी काढा लागेल, गाठ तपासायले पाठवा लागेल. "लांबवू नका," म्हणे. दोनदा म्हणे. हे 'लांबवू नका' मी एसटीत घरी येईस्तोवर घोटत बसलो. दुसरं काही मले सुचत नव्हतं.

त त्या दिवशी काउंटरवर कागद झाले अन् सुमनले भरती करून घेतलं. दवाखान्यात एकीकडे बायायचा वार्ड, दुसरीकडे माणसायचा, मधात व्हरांडा. वरच्या माळ्यावर अफसरायच्या खोल्या, त्यायच्या खिडक्यायले पडदे. बायायच्या वार्डात माणसाले बसू देत नाहीत, म्हणून मी व्हरांड्यात सतरंजी टाकली. सुमनची खाट दरवाज्याजवळच होती. मान वळवली का आम्ही दिसो एकमेकाले.

माणसायच्या वार्डात बीबी गावाकडचा एक फौजी नायक होता. हात मोडेल, गळ्यात अडकवेल. काउंटरवरचा तमाशा त्याले माहीत नव्हता. तो व्हरांड्यात येऊन बसला. "भाऊ, कोणत्या पलटणीतले?" म्हणे. मी सांगितलं. "वा वा. आमची पलटण तुमच्या बाजूच्याच पहाडावर होती." बोलता बोलता आम्ही दोस्त झालो. सुमननं बांधून आणलेली भाकर अन् ठेचा दोघांनी खाल्ला. त्याले एका हातानं भाकर तोडता येत नव्हती, मी तोडून दिली. "वहिनीच्या हाताले चव हाये भाऊ," म्हणे. मले बरं वाटलं. लय दिवसानं कोणी तरी बरोबरीनं बोललं होतं.

दुपारी भिंतीवर दुसऱ्या दिवशीच्या आपरेशनची यादी लागली. पहिलं नाव एका कर्नलसाहेबाचं. हर्निया. दुसरं एका हवालदाराचं. तिसरं सुमनचं. मी नावाखाली बोट ठेवून वाचलं. सिस्टरले विचारलं, तिसरा म्हणजे किती वाजता? ती म्हणे, अकरा-साडेअकराले घेतील. मी दरवाज्यातून सुमनले तीन बोटं दाखवली. ती हसली. लय दिवसानं हसली.

चार वाजता सुभेदार व्हरांड्यात आला.

"बार्बर कुठाय?"

नायकानं इकडेतिकडे पाह्यलं. कोणाले म्हणून राह्यला हा, असं. मी उठून उभा राह्यलो. नायकाचं तोंड उघडंच राह्यलं.

"चल वर. आपला न्हावी लग्नाला गेलाय गावी. कर्नलसाहेबांची ऑपरेशनची तयारी करायचीय. केस काढायचे. मांडीपर्यंत. आणि दाढीही."

मी म्हणलं, "साहेब, मी सोडलं ते काम. नऊ वर्ष झाले."

"पोहणं आणि वस्तरा कोणी विसरतं का? चल चल."

"साहेब, माही बायको भरती हाये. मी तिच्यासंग आलो."

त्यानं माह्या खांद्यावर हात ठेवला. प्रेमानं. "हे बघ, यादी पाहिलीस ना? पहिला नंबर साहेबांचा. तुझ्या बायकोचा तिसरा. पहिला हलला नाही तर तिसरा कुठून हलणार? तूच सांग. आणि आपण सगळे एक परिवार आहोत. परिवारात हातभार लावतात."

मी सुमनकडे पाह्यलं नाही. पाहायची हिंमत नव्हती. मी त्याच्या मागं जिना चढलो. 'लांबवू नका' डोक्यात ठण ठण वाजून राह्यलं होतं.

वर ट्रे तयार होता. वाटी, साबण, वस्तरा, नवी ब्लेड. मी ब्लेड मोडून अर्धी केली अन् वस्तऱ्यात बसवली, अन् मले धक्का बसला. माही बोटं आपोआप चालून राह्यली होती. नऊ वर्ष जणू गेलीच नव्हती. पोट, ओटी, मांड्या. वाकून, गुडघ्यावर बसून. कर्नलसाहेब फोनवर लेकीसंग बोलत होते. "काही नाही गं, छोटंसं ऑपरेशन. तू कशाला येतेस एवढ्या लांबून?" चांगलं बोलत होते. लेकीवर जीव होता माणसाचा. मंग दाढीले बसलो तवा म्हणे, "हात छान आहे रे तुझा. युनिट कुठली?" मी सांगितली. "अरे वा! उत्तम युनिट." मले वाटलं, आता बोलावं. म्हणलं, "साहेब, माही बायको खाली..." त्यायनं एक बोट वर केलं, थांब म्हणून. दुसरा फोन आला होता.

हा माणूस वाईट नव्हता. म्हणूनच जास्त जळते. त्यानं मले शिवी दिली नाही, हात उगारला नाही. त्यानं मले पाह्यलंच नाही. दाढी करताना दोन तोंडात वीतभर अंतर असते. तेवढ्यावरूनबी नाही पाह्यलं.

कोणी म्हणेल, वस्तरा तुह्या हातात होता अन् गळा पुढं होता, तुह्या मनात काहीच आलं नाही का? आलं. एकच आलं. कुठं कापू नये. एक थेंब रक्त निघालं त सुमनचा नंबर जाईल. एवढंच आलं मनात. असा गुलाम माणूस होतो मी तवा.

खाली आलो त व्हरांड्यात मधोमध स्टूल मांडेल होतं. सुभेदार म्हणे, "हात लागलाच आहे तर वॉर्डातल्यांचंही उरकून टाक." दुसऱ्या नंबरचा हवालदार बसला. त्याचं आपरेशन होतं, त्याचं ठीक. त्याच्यामागं अजून तिघं चौघं आले. त्यायचं काहीच नव्हतं. फुकटात दाढी होऊन राह्यली, तर कोण सोडते? मी एकामागून एक केल्या. कोणी बोललं नाही माह्यासंग. मान वर करत, गाल फुगवत, उठून जात.

शेवटी बीबीचा नायक आला. दुपारी माह्या भाकरीतली भाकर खाल्लेला. स्टुलावर बसला, मोडलेला हात मांडीवर घेतला अन् हनुवटी वर केली.

"मिशी बारीक ठेव बे," म्हणे.

दुपारी भाऊ होतो. चार तासात बे झालो. मी मिशी बारीक ठेवली.

मान वर केली त सुमन उशीले टेकून सगळं पाहून राह्यली होती. सुरुवातीपासून पाहत असावी. तिनं पदर तोंडावर ओढला अन् भिंतीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी तिले रात्रीपासून उपाशी ठेवलं होतं. पाणीबी नाही. कर्नलसाहेबाचं आपरेशन झालं. हवालदाराचं झालं. अकरा वाजले, बारा वाजले. तिचे ओठ वाळून फुटले. मी दरवाज्यात उभा राहून प्रत्येक येणाऱ्या स्ट्रेचरकडे पाहो. साडेबाराले सुभेदार आला. "भुलीच्या डॉक्टरांना बाहेर केस आली. गेले ते. तिसरा नंबर उद्या."

"साहेब, ती काल रात्रीपासून उपाशी हाये."

"मग आता जेवू घाल ना. तुला कोण अडवतंय?"

तो गेला. मी तिथंच उभा. मी पहिला नंबर हलवून दिला होता. दुसरा बी हलवून दिला होता. अन् माहा तिसरा होता तिथंच होता.

संध्याकाळी सिस्टरनं दहा मिनटं आत बसू दिलं. मी चहात बिस्किट बुडवून सुमनले दिलं. ती खाऊन राह्यली होती अन् मी बोलायचं जुळवून राह्यलो होतो. शेवटी म्हणलं, "तुले मी खोटं सांगितलं होतं. पहाऱ्याचं."

"मले ठावं होतं," ती म्हणे.

"कवापासून?"

"मोठ्या लेकाचं जावळं काढलं तवापासून. मामा काढून राह्यला होता, लेकरू रडून राह्यलं होतं. तुमी वस्तरा त्याच्या हातातून घेतला अन् दोन मिनटात काढलं. लेकरू झोपून गेलं. असा हात पहाऱ्यावरच्या माणसाचा असते का?"

"मंग बोलली काऊन नाहीस?"

"तुमाले सांगायचं नव्हतं. मी काऊन उकरू?" तिनं बिस्किट बाजूले ठेवलं. "काम वाईट नाही हो. माहा बापबी तेच करे. पण काल तुमी स्टुलाभोवती वाकून फिरून राह्यले होते ना... मले लय वंगाळ वाटलं. तुमी माह्यासाठी करून राह्यले, हे मले समजलं. माह्या नावानं नका करू. माही शपथ हाये."

मी म्हणलं, "तुही गाठ हाये सुमन. लांबवू नका म्हणल्या बाई."

"गाठ माही हाये ना? मंग मी सांगते."

तिच्यापुढं मी आजवर कधी रडलो नव्हतो. त्या दिवशी चहाचा कप हातात धरून रडलो. बाजूच्या खाटेवरच्या म्हातारीनं तोंड फिरवून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी यादीत सुमनचं नाव पहिलं होतं. पहिलं! माह्या जिवात जीव आला. अन् सात वाजता सुभेदार ट्रे घेऊन आला. सोता घेऊन आला.

"बघ, तुझं काम केलं मी. नाव वर घातलं. चल, साहेबांची दाढी राहिलीय, वाट बघतायत. येताना वॉर्डातले दोघं आहेत."

मी सुमनकडे पाह्यलं. तिनं मान हलवली. नाही म्हणून.

माहे पाय परत जुळायले निघाले होते, खरं सांगतो. मी एक पाय मुद्दाम बाजूले टाकला. गुडघा ढिला सोडला.

"मी करत नाही साहेब."

"काय?"

"मी इथं पेशंटचा नवरा म्हणून आलो. तुमच्या कर्नलसाहेबाच्या बायकोले तुमी कोणाचं लुगडं धुवायले लावता का? मंग मले काऊन? मी न्हावी हाये. तुमचा नाही."

नायक वार्डाच्या दारातून म्हणे, "कर ना बे एवढी, काय झिजते तुह्यं?" मी त्याच्याकडे पाह्यलं. तो आत गेला.

सुभेदार चिडला नाही. तो चिडला असता त बरं झालं असतं. ट्रे घेतला अन् निघून गेला. नऊ वाजता वार्डाच्या डॉक्टरीणबाई आल्या, कागद चाळला, म्हणे, "रक्त कमी आहे यांचं. आज नको. गोळ्या देते, दोन आठवड्यांनी या." मी विचारलं, काल त करणार होते ना? काल रक्त जास्त होतं का? बाई थकेल होत्या. म्हणे, "कालचा रिपोर्ट माझ्यापर्यंत आला नव्हता. आज आला."

आता तो रिपोर्ट खराच त्या दिवशी आला का कोणी आणून दिला, हे मले मालूम नाही. कधी मालूम होणारबी नाही. हेच त्यायचं जमते. कोणाची गचांडी धरावी, हे आपल्याले समजू देत नाहीत. रक्त त तिचं कमी होतंच. सहा महिन्यापासून जाऊन राह्यलं होतं, कमी नाही त काय होईल?

आम्ही सामान भरलं अन् एसटीत बसलो. सुमन खिडकीशी झोपली. मी रस्ताभर तिच्या पोटाकडे पाहत आलो.

गावात आल्यावर माहा मोठा भाऊ म्हणे, "तू पागल हायेस का? एक दाढी करून टाकली असती त आज बायको मोकळी असती. बापानं जनम काढला, तुह्यं काय गेलं असतं?" साळा म्हणे, "दाजी, तुमचा बाणा अन् माह्या बहिणीचा जीव." रोज सकाळी ती उठते, मोरीवर जाते, अन् मी बाहेर उभा राहून ऐकतो का ती किती वेळ लावते. जास्त वेळ लागला त हाक मारतो. वाटते, जाऊन त्या सुभेदाराचे पाय धरावे. म्हणावं, आण तुहा ट्रे. अख्ख्या दवाखान्याच्या दाढ्या करतो.

हे मी तिले सांगितलं. लपवायचं आता काही राह्यलं नाही.

ती गोळी गिळून म्हणे, "मेली त माह्या गाठीनं मरीन. तुमच्या 'नाही'नं मरणार नाही मी. हे तुमच्या भावाले बी सांगा अन् माह्या भावाले बी."

सोमवारची तारीख हाये. पहिल्या गाडीनं जातो. डिस्चार्ज बुक घेऊन जातो, ट्रेड विचारला त पहिल्या झटक्यात सांगतो, सगळ्या हॉलले ऐकू जाईल असा. रांगेत उभा राहतो. यादी लागेस्तोवर व्हरांड्यात बसतो. नाव पहिलं लागो, तिसरं लागो, लागो न लागो, वस्तरा पुढं आला त हात लावत नाही. ते तिले परत पाठवतील. मी परत आणीन. अजून पाठवतील, अजून आणीन. या ये-जामधी तिचं काय होईल, मले ठावं नाही. ती मेली तरी वस्तरा घेणार नाही, असं मी लिहून राह्यलो, अन् खोडून परत लिहून राह्यलो. नाही घेणार.